सगळ्यात पातळ जागा

बंदुकीची नळी बाहेरून कितीही न्याहाळली तरी तिच्या भिंतीची जाडी कळत नाही. तोंडाशी दिसणारी कड तर हमखास फसवते. जुन्या इंग्लिश दुनळ्यांत बहुधा तोंडाजवळ नळी आतून थोडी आवळलेली असते, तिला चोक म्हणतात. त्या आवळण्यामुळे तेवढ्या भागात पोलाद जाड उरतं आणि बघणाऱ्याला वाटतं, नळी दणकट आहे. मागच्या टोकाला, जिथे काडतूस बसतं, तिथे भिंत तीन-चार मिलिमीटर असते. पुढे ती उतरत जाते. डावा पंजा नळीखाली जिथे येतो तिथून पुढच्या वीतभर अंतरात, नव्याकोऱ्या उत्तम बंदुकीतही ती जेमतेम पाऊण मिलिमीटर भरते. शंभर वर्षं वापरलेल्या बंदुकीत किती उरली असेल, हे मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. बनवणाऱ्याच्या नावावरून नाही, नक्षीवरून नाही, आणि आजोबांनी तिनं किती बार काढले यावरून तर मुळीच नाही.

हे मोजण्याचं काम मी करते. मी बंदूककार नाही, मापनातली आहे. माझं माहेर खडकीचं. वडील तिथल्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. १८६९ साली उभा राहिलेला हा कारखाना सैन्यासाठी दारूगोळा बनवतो आणि परवानाधारकांसाठी ‘शक्तिमान’ छापाची बारा बोअरची काडतुसंही. आमच्या घरात बंदूक कधी आली नाही, पण काडतुसाच्या पितळी बुडाचं माप किंचित चुकलं तर पुढे काय काय होऊ शकतं, हे मी जेवताना ऐकत मोठी झाले. पुण्यात टूलरूममध्ये शिकले, लग्न होऊन दिल्लीला आले. आम्ही द्वारकेत राहतो. माझी नोकरी गुरुग्रामच्या एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये. कारखान्यांचे मायक्रोमीटर, बोअर गेज, डायल तपासून द्यायचे, हे रोजचं काम. काश्मिरी गेटजवळ शस्त्रविक्रेत्यांची जुनी दुकानं आहेत. त्यांतल्या एका दुकानानं नळीची भिंत मोजायचं गेज तपासायला पाठवलं आणि त्या निमित्तानं मी या कामात आले.

काम दुकानातच होतं. दुसऱ्याच्या परवान्याचं शस्त्र मला घरी किंवा लॅबमध्ये आणता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मालक स्वतः बंदूक आणि परवाना घेऊन येतो, दुकानदार वहीत नोंद करतो, मग नळ्या दस्त्यापासून सुट्या करून माझ्यासमोर ठेवल्या जातात. मी द्वारकेहून मेट्रोनं जाते, राजीव चौकात गाडी बदलून. पिशवीत डायल, स्लिप गेज म्हणजे ठरावीक जाडीचे प्रमाण ठोकळे, आणि पोलादाचा लांब दंड. तो दंड तपासणीच्या पडद्यावर नेमका नळीसारखा दिसतो, म्हणून लॅबचं पत्र सोबत ठेवते. जवान पत्र वाचतात, दंड हातात घेऊन तो भरीव आहे याची खात्री करतात आणि सोडतात. त्यांच्या त्या खात्री करून घेण्याचं मला मनापासून बरं वाटतं.

गेजची रचना साधी आहे. जड बैठकीवर दंड उभा. त्याच्या वरच्या टोकाजवळ बाजूला कडक पोलादाची छोटी घुंडी. नळी वरून त्या दंडावर उतरवायची, म्हणजे घुंडी आतल्या भिंतीला टेकते. बाहेरून, बरोबर समोर, डायलची टोचणी टेकते. घुंडी आणि टोचणी यांच्यामध्ये जे उरलं ती भिंत. नळी खालीवर सरकवली, फिरवली की काटा हलतो. लॅबमध्ये आम्ही मायक्रॉनमध्ये बोलतो, पण बंदुकांच्या दुनियेत अजून इंचाचा हजारावा भाग चालतो, आमच्या टूलरूममध्ये त्याला थाउ म्हणायचे. एक थाउ म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर. नव्या नळीत सगळ्यात पातळ जागी २५ ते ३० थाउ असावेत. इंग्लंडमध्ये किमान जाडी ठरवणारा कायदा नाही, पण तिथले जबाबदार बंदूककार बारा बोअरसाठी २० थाउ, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, ही लक्ष्मणरेषा मानतात.

साधी रचना म्हणून काम सोपं, असं मात्र नाही. आधी नळी स्वच्छ हवी. शिशाचे छर्रे वर्षानुवर्षं घासून गेलेले असतात, त्यांचे पट्टे आत चिकटलेले असतात. ते न काढता मोजलं तर शिसंसुद्धा पोलाद म्हणून मोजलं जातं आणि भिंत आहे त्यापेक्षा जाड दिसते. मग शून्य. दिल्लीच्या मे महिन्यात दुकानातला पंखा गरम वाराच फेकत असतो. मापनाचं जागतिक प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. अर्ध्या मिलिमीटरची भिंत पंचवीस अंश जास्त तापली तरी तिच्या जाडीत फरक पडतो मायक्रॉनच्या सातव्या हिश्शाएवढा, म्हणजे काहीच नाही. फरक पडतो तो उंच दंडात आणि डायल धरणाऱ्या लोखंडी हातात. ते तापतात, किंचित वाकतात, शून्य सरकतं. म्हणून दर इंचाला मी स्लिप गेज लावून शून्य पुन्हा बघते. दुकानातले वयस्क मिस्त्री, ज्यांना मी उस्ताद म्हणते, सुरुवातीला याला वेळ घालवणं समजत. आता तेच मला विचारतात, झीरो देखा?

दुनळीत आणखी एक अडचण आहे. दोन नळ्या एकमेकींना चिकटून, वर पट्टी, खाली पट्टी, सगळं डाखानं जोडलेलं. आतल्या बाजूला, जिथे नळ्या एकमेकींकडे तोंड करून असतात, तिथे टोचणी पोचतच नाही. म्हणजे परिघाचा मोठा भाग मोजता येतो, उरलेला नाही. आणि पाणी जर डाखाच्या फटीतून पट्टीखाली शिरलं असेल तर गंज नेमका तिथे लागतो. अल्ट्रासोनिक यंत्र वापरा, असं लोक सुचवतात. पोलादात आवाज सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर धावतो. अर्धा मिलिमीटर जाऊन परत यायला त्याला सेकंदाच्या कोटीव्या भागाच्या दुपटीहूनही कमी वेळ लागतो. पाइपलाइन आणि टाक्यांसाठी जी नेहमीची यंत्रं असतात ती एक मिलिमीटरच्या खाली अडखळतात. खास उच्च वारंवारतेचा प्रोब लागतो, आणि तोसुद्धा त्या गोल, अरुंद कोपऱ्यात बसवणं कठीण. म्हणून तिथे उस्तादांची रीत उपयोगी पडते. नळ्यांची जोडी मागच्या हुकाला दोरीनं टांगून बोटाच्या पेरानं टिचकी मारायची. डाख शाबूत असेल तर लांब, स्वच्छ नाद येतो. सुटला असेल तर भद्द आवाज. ही रीत जाडी सांगत नाही, पण पट्टीखाली काही बिघडलंय की नाही हे सांगते. माझ्या तक्त्यात मी तिच्यासाठी वेगळी ओळ ठेवली आहे.

ज्या बंदुकीबद्दल मला मुख्यतः लिहायचंय ती द्वारकेतच राहणाऱ्या एका निवृत्त कर्नलांची. कुटुंब मूळ साताऱ्याकडचं. मी खडकीची आहे हे कळल्यावर त्यांनी मॅडम म्हणणं सोडलं. "अगं, मग तू आमच्या घरचीच की," म्हणाले, आणि मीही त्यांना काका म्हणू लागले. पट्टीवर आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटीचं नाव कोरलेलं. या सोसायटीनं १८९१ साली मुंबईत दुकान काढलं. काळा घोड्याजवळची तिची इमारत आजही त्याच नावानं ओळखतात. काकांच्या आजोबांनी बंदूक तिथून घेतली, असं घरात सांगत. कृष्णाकाठी तितर, बटेर, थंडीत बदकं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली आणि बंदूक पेटीत गेली. परवाना वारशानं आजोबांकडून वडिलांकडे, मग काकांकडे. त्यांची इच्छा एवढीच होती की तुघलकाबादच्या शूटिंग रेंजवर, नातवाच्या देखत, मातीच्या तबकडीवर दोन बार काढावेत. त्याआधी कुणीतरी म्हणालं, जुनी आहे, मोजून घ्या.

त्यांनी नळी उजेडाकडे धरून मला दाखवली. आतून लखलखीत. कुठे डाग नाही, खड्डा नाही. काही वर्षांपूर्वी आत गंजाचे खड्डे दिसले म्हणून त्यांनी ती एका मिस्त्रीकडे दिली होती, त्यानं घोटून अशी करून दिली. काकांच्या चेहऱ्यावर त्या चकाकीचं समाधान होतं, आणि माझं मन तिथेच धास्तावलं.

खड्डे का पडतात हे आधी सांगायला हवं. काळ्या दारूचा गाळ ओल धरतो, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण बिनधुराची दारू आली तरी जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाल्यावर त्याचं मीठ नळीत उरतं आणि हवेतली ओल ओढतं. त्यात आपली पावसाळी हवा. त्यात चामड्याची पेटी किंवा बनातीचं कव्हर, जे ओल सोडतच नाही. निवडणुका आल्या की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा कराव्या लागतात. कव्हरासकट जमा केलेली बंदूक काही महिन्यांनी परत येते तेव्हा आत काय झालंय ते कुणी बघत नाही. तेलाचा हात देऊन, कव्हराशिवाय, कोरड्या जागी ठेवली तर शंभर वर्षांची नळीही टिकते. मी टिकलेल्या पाहिल्या आहेत.

आता घोटण्याबद्दल. शेतात एक खड्डा आहे आणि तो बुजवायला माती नाही, म्हणून सगळं शेतच खड्ड्याच्या तळापर्यंत खरवडलं, तर शेत सपाट दिसेल. नळी घोटणं म्हणजे हेच. खड्ड्याच्या तळाशी जेवढी भिंत होती तेवढीच आता सगळीकडे. गमावलेला धातू परत येत नाही, आणि चकाकी ही धातू देऊन विकत घेतलेली असते. खड्डे असलेली नळी निदान आपली अवस्था दाखवते. घोटलेली नळी ती लपवते. म्हणूनच लखलखीत जुनी नळी दिसली की मी आधी आतला व्यास बघते आणि मग भिंत.

नळ्यांच्या बुडाशी, सपाट भागावर, बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे ठसे होते. हे प्रूफ हाउस ब्रिटिश संसदेच्या १८१३ च्या कायद्यानं स्थापन झालं. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला तर राजाची सनद १६३७ ची. प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा भारी बार उडवून ती टिकली तरच ठसा द्यायचा, ही त्यांची पद्धत. ठशांत नळीचं मूळ मापही असतं. इथे १३/१ होतं, म्हणजे ०.७१९ इंच. प्रूफच्या वेळी हा व्यास बुडापासून नऊ इंचांवर बघतात, मीही तिथेच बोअर गेज लावलं. डावीकडे ०.७२५. उजवीकडे ०.७३७. ठशातल्या मापापेक्षा व्यास दहा थाउनी वाढला की ब्रिटिश नियमांनुसार तो ठसा बाद होतो, बंदूक पुन्हा प्रूफला द्यावी लागते. उजवी नळी अठरा थाउनी वाढलेली. म्हणजे भिंतीतून सरासरी नऊ थाउ गेलेले.

उजवीच जास्त का, याचंही कारण आहे. दोन चापांच्या बंदुकीत पुढचा चाप उजवी नळी उडवतो. बहुतेक माणसं आधी तोच ओढतात, आणि पुष्कळदा दुसऱ्या बाराची गरजच पडत नाही. उजवी जास्त चालते, जास्त घाण होते, जास्त गंजते, म्हणून जास्त घोटली जाते.

मग नळी दंडावर उतरवली. इंचाइंचावर, फिरवत फिरवत. काका शेजारी खुर्चीवर बसून तक्त्यात आकडे लिहून घेत होते, ते त्यांनी स्वतःहून मागून घेतलेलं काम. डावी नळी सगळ्यात पातळ जागी २२ थाउ. उजवी बुडापासून दहा इंचांपर्यंत ठीक, मग २४, २१, १९. तेराव्या इंचाला नळी फिरवता फिरवता काटा एकदम घसरला. १४ थाउ. नळी पुसून, शून्य बघून पुन्हा तेच. नखभर जागा, बस. बाहेरून बोट फिरवलं तर किंचित सपाटपणा जाणवतो. तिथे कधीतरी पोचा पडला असावा, तो आतून वर ढकलून बाहेरून कानशीनं सारखा केलेला, वर नवा काळा रंग. बाहेरून कानस, आतून घोटणी, आणि दोन्ही नेमकी एकाच जागी भेटलेली. दोन्ही कारागिरांनी आपापलं काम सफाईनं केलं होतं. मधे किती उरलं हे कुणी मोजलं नव्हतं.

पातळ नळीच्या भिंतीवर येणारा ताण हा आतला दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. दाब आणि त्रिज्या तीच राहिली आणि जाडी निम्मी झाली की ताण दुप्पट. बाराच्या क्षणी दाब सर्वांत जास्त काडतुसाच्या घरातच असतो, युरोपातल्या आजच्या मानकात साध्या बारा बोअरला ७४० बारची मर्यादा आहे. पुढे तो झपाट्यानं उतरतो. म्हणूनच पुढची नळी पातळ ठेवता येते. पण उतरलेल्या दाबालाही काही किमान भिंत लागते, आणि तेरावा इंच म्हणजे डाव्या पंजाच्या बोटांची जागा. शिवाय या बंदुकीचं काडतुसाचं घर अडीच इंची, ६५ मिलिमीटरचं. आज बाजारात ७० मिलिमीटरची काडतुसं सर्रास मिळतात. काडतुसाची लांबी ते उडून त्याचं तोंड उलगडल्यावर धरतात, त्यामुळे ७० चं काडतूस ६५ च्या घरात न अडता बसतं, आणि बार होताना त्याचं तोंड पुढच्या अरुंद भागात उघडून दाब वाढवतं. बसलं म्हणजे चालतं, असं मानणारे लोक मला नेहमी भेटतात. माझी त्यांना हात जोडून विनंती असते की घराचं माप आधी बघा.

काकांनी तक्ता स्वतःच लिहिला होता, त्यामुळे मला फार सांगावं लागलं नाही. त्यांनी १४ भोवती पेन्सिलनं गोल केला आणि विचारलं, "सरासरी काढली तर?"

"काका, नळी सरासरीला फाटत नाही."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "डावी तर वीसच्या वर आहे. फक्त डावीनं एक बार?"

आकड्यानं डावी बसत होती. पण टिचकीचा नाद मधेच तुटत होता, आणि पट्टीच्या बाजूची भिंत मी मोजलेलीच नव्हती. मी तेच सांगितलं: जे मोजलं ते २२, जे मोजता आलं नाही ते कोरं. कोऱ्या जागेत मी माझा अंदाज भरणार नाही. इंग्लंडमध्ये अशा बंदुकीच्या नळ्या बुडाशी कापून तिथे नव्या बसवतात आणि पुन्हा प्रूफ करतात, हा मार्ग आहे, खर्चिक आहे. उस्तादांनी मान हलवली. त्यांच्या मते इथे तसं काम विश्वासानं सोपवावं असा कारागीर त्यांना माहीत नव्हता, आणि ते हे स्वतःच्या हातांसकट म्हणत होते. त्या प्रामाणिकपणाबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटला.

काकांनी बार काढायचा नाही असं ठरवलं. तक्त्याच्या दोन प्रती मागितल्या: एक बंदुकीच्या पेटीत, एक परवान्याच्या फाइलमध्ये. "माझ्यानंतर ज्याच्या हातात येईल त्याला कुणी सांगायला नको का?" त्यांचं हे म्हणणं मी नंतर माझी पद्धतच करून टाकलं. आता प्रत्येक तक्त्यावर मी तारीख, तापमान, गेजचा क्रमांक आणि सगळ्यात पातळ जागा मोठ्या अक्षरांत लिहिते: कोणती नळी, बुडापासून किती इंच, घड्याळाच्या किती वाजण्याच्या दिशेला. आणि न मोजलेला भाग आडव्या रेघांनी दाखवते.

आपल्याकडे हे मोजणं जवळपास कुणी करून घेत नाही, आणि हे मला खटकतं. शस्त्र अधिनियम १९५९ चा, नियम २०१६ चे. परवाना, नूतनीकरण, वारस, साठवण, सगळ्याची कागदपत्रं चोख ठेवावी लागतात. माणसाची तपासणी होते. बंदुकीच्या नळीत किती पोलाद शिल्लक आहे, हा प्रश्न नूतनीकरणाच्या वेळी कुणी विचारल्याचं मी पाहिलेलं नाही. घरोघरच्या जुन्या इंग्लिश बंदुका तर पेटीतच असतात. मला जास्त काळजी बँकांच्या दारातल्या बंदुकांची वाटते. द्वारकेत कुठल्याही सेक्टरच्या बाजारात जा, बँकेबाहेर खुर्चीवर गणवेशातला गार्ड आणि त्याच्या मांडीवर बारा बोअरची दुनळी. पुष्कळदा ती त्याची स्वतःच्या परवान्याची असते. बंदूक आहे म्हणून नोकरी आहे. उन्हात, धुळीत, पावसात ती बाहेर असते, आणि वर्षानुवर्षं उडवलेली नसते.

विक्रेत्यांशी बोलून, नूतनीकरणाच्या आधी जे गार्ड दुकानात येतात त्यांच्या नळ्या मी विनामूल्य मोजू लागले. मुंगेरच्या कारखान्यांत बनलेल्या बंदुका जास्त येतात. मी मोजलेल्या बहुतेकांच्या भिंती इंग्लिश बंदुकांपेक्षा बऱ्याच जाड होत्या. वजन जास्त, नक्षी नाही, पण सगळ्यात पातळ जागीही ३५-४० थाउ. ज्यांना त्या ओबडधोबड वाटतात त्यांनी हे आकडे बघावेत. दोष मिळतात ते दुसरीकडे: काडतुसाच्या घरात गंज, बिजागरी ढिली, आणि नळीच्या तोंडात कुंभारमाशीनं केलेलं मातीचं घर. हे शेवटचं सगळ्यात धोक्याचं, कारण तोंडात अडथळा असला की चाळीस थाउची भिंतही फुगते किंवा फाटते, आणि ते कळायला गेज लागत नाही, बंदूक उघडून उजेडाकडे धरली की पुरतं. म्हणून प्रत्येक गार्डला मी मोजण्याआधी हेच करून दाखवते: बंदूक बिजागरीतून उघडायची, काडतुसांची दोन्ही घरं रिकामी असल्याची बोटानं खात्री करायची, आणि मगच मागून आरपार बघायचं. रोज, ड्यूटीवर बसण्यापूर्वी. उस्तादांनी दुकानाच्या दारावर हिंदीत तसा कागद लावला आहे.